निनवेचा अस्त आणि नहूमची वाणी

इराकच्या उत्तरेस टायग्रिस नदीच्या पूर्व तीरावर, मोसुल शहराला खेटून, मातीचे दोन मोठे ढिगारे उभे आहेत. एकाला स्थानिक लोक कुयुंजिक म्हणतात, तर दुसरा नबी युनूस या नावाने ओळखला जातो. या ढिगाऱ्यांखाली आणि त्यांच्याभोवतीच्या सुमारे १२ किलोमीटर लांबीच्या तटबंदीच्या आत एकेकाळी निनवे हे महानगर नांदत होते. इ.स.पू. सातव्या शतकात ज्या असीरियन साम्राज्याचा दरारा इराणच्या डोंगरांपासून नाईलच्या खोऱ्यापर्यंत पसरला होता, त्याची ही राजधानी. इ.स.पू. ६१२ मध्ये अवघ्या तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर ती पडली आणि पुन्हा राजधानी म्हणून कधीच उभी राहिली नाही.

या पतनाची वाणी हिब्रू बायबलातील एका अतिशय लहान ग्रंथात नोंदलेली आहे. 'नहूम' हे त्याचे नाव. अवघे तीन अध्याय आणि ४७ वचने. यहूदी परंपरेत ज्यांना 'बारा संदेष्टे' म्हणून एकत्र गणले जाते, त्यांतील हा सातवा ग्रंथ. एखाद्या शत्रुनगरीच्या विनाशावर एवढ्या एकाग्रतेने आणि एवढ्या आवेशाने रचलेली दुसरी रचना प्राचीन साहित्यात सहसा आढळत नाही. म्हणूनच अडीच हजारांहून अधिक वर्षांनंतरही या छोट्या पुस्तकाभोवतीचे प्रश्न संपलेले नाहीत.

साम्राज्याची राजधानी

निनवेची वस्ती फार प्राचीन असली, तरी तिला वैभव दिले ते सन्हेरीब या राजाने (इ.स.पू. ७०५ ते ६८१). त्याचा पिता दुसरा सर्गोन याने दुर-शर्रुकीन, म्हणजे आजचे खोर्साबाद, येथे नवी राजधानी वसवली होती. सर्गोन रणांगणावर मारला गेल्यानंतर सन्हेरीबने ती सोडून निनवे निवडली. त्याने नगराचा विस्तार सुमारे ७५० हेक्टरांपर्यंत नेला, तटाला १५ वेशी ठेवल्या आणि स्वतःसाठी एक अतुलनीय राजवाडा बांधला. नगरातील बागांना आणि शेतांना पाणी पुरवण्यासाठी दूरच्या डोंगरांतून कालवे खणले. या कालव्यासाठी जेरवान येथे बांधलेला दगडी जलसेतू आजही भग्नावस्थेत पाहायला मिळतो. त्याला वीस लाखांहून अधिक चिरे लागले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे.

या वैभवाची दुसरी बाजू मात्र भीषण होती. असीरियन सत्ता खंडणीवर, वेढ्यांवर आणि जिंकलेल्या प्रजेच्या सामूहिक स्थलांतरावर उभी होती. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास तिने उत्तरेकडील इस्राएलच्या राज्याची राजधानी शोमरोन जिंकली आणि तेथील लोकांना साम्राज्याच्या दूरच्या प्रांतांत नेऊन वसवले. इस्राएलच्या 'हरवलेल्या दहा वंशां'ची कथा येथूनच सुरू होते. पुढे इ.स.पू. ७०१ मध्ये सन्हेरीब दक्षिणेकडील यहूदा राज्यावर चालून गेला. त्याच्या स्वतःच्या शिलालेखांनुसार त्याने यहूदाची ४६ तटबंदीची नगरे घेतली आणि दोन लाखांहून अधिक माणसे नेली. हिज्कीया राजा यरुशलेमेत पिंजऱ्यातील पाखरासारखा कोंडला गेला, अशी फुशारकीही त्याने नोंदवली आहे. यरुशलेम वाचले, पण जबर खंडणी देऊन.

लाखीश या यहूदी नगराच्या वेढ्याची चित्रे सन्हेरीबने निनवेतील राजवाड्याच्या एका दालनात दगडात कोरून घेतली होती. तटावर चढणारी यंत्रे, जळती मशाल फेकणारे बचावकर्ते, बैलगाडीवर संसार लादून निघालेली कुटुंबे, खुंटांवर चढवलेले बंदिवान, असे सारे त्यांत आहे. आज हे शिल्पपट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. नहूमची वाणी वाचताना हे शिल्पपट डोळ्यांसमोर असले, की तिच्यातील राग कोठून आला हे वेगळे सांगावे लागत नाही.

संदेष्टा म्हणजे ज्योतिषी नव्हे

मराठी बायबलात 'प्रॉफेट' या अर्थी 'संदेष्टा' हा शब्द रूढ आहे आणि तो अत्यंत समर्पक आहे. हिब्रू परंपरेतील 'नबी' हा ग्रहगणितावरून भविष्य वर्तवणारा नसे. ईश्वराचा संदेश राजाला आणि प्रजेला पोचवणे, हे त्याचे काम. त्या संदेशात पुढे काय घडेल याचे भाकीत असे, परंतु ते बहुतेक वेळा नैतिक निवाड्याच्या अंगाने येई. अमुक पाप केले, म्हणून अमुक शासन होईल, अशी त्याची मांडणी असे.

नहूमविषयी ग्रंथाच्या शीर्षकवचनापलीकडे काहीही माहिती उपलब्ध नाही. तो एल्कोशचा रहिवासी होता, एवढेच तेथे म्हटले आहे आणि हे एल्कोश नेमके कोठे, यावर एकमत नाही. त्याच्या नावाचा अर्थ 'सांत्वन' असा होतो. विनाशाचे वर्णन करणाऱ्या ग्रंथाला हे नाव विसंगत वाटेल. तथापि, ज्यांनी असीरियन जू मानेवर वाहिले, त्यांच्यासाठी निनवेच्या अंताची वार्ता हेच सांत्वन होते. ग्रंथाच्या आरंभी येणारा 'मस्सा' हा हिब्रू शब्दही लक्षणीय आहे. 'ओझे' आणि 'ईश्वरी वाणी' असे त्याचे दोन्ही अर्थ होतात.

तीन अध्यायांत काय आहे?

पहिल्या अध्यायात ईश्वराच्या प्रतापाचे स्तवन आहे. वादळ, कोरडा पडणारा समुद्र, हादरणारे पर्वत अशा प्रतिमांतून ईश्वर हा दीर्घकाळ सहन करणारा, परंतु अपराध्याला मोकळे न सोडणारा न्यायाधीश म्हणून समोर येतो. या भागातील काही ओळी हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने सुरू होतात. मात्र हा क्रम सुमारे अर्ध्यावर थांबतो. मूळ रचना अपूर्ण राहिली, की नकलकारांच्या हातून बिघडली, हा अभ्यासकांच्या वादाचा विषय आहे.

दुसरा अध्याय थेट रणभूमीवर नेतो. तांबड्या ढाली, रस्त्यांतून उधळणारे रथ, अडखळत तटाकडे धावणारे सैनिक, उघडलेली नदीची द्वारे आणि खचलेला राजवाडा अशी तुटक, वेगवान शब्दचित्रे एकामागून एक येतात. शेवटी कवी सिंहाच्या गुहेचा प्रश्न विचारतो. ज्या गुहेत सिंह आपल्या छाव्यांसाठी शिकार भरून ठेवत होता, ती आता कोठे गेली? हा उपरोध नेमका आहे. असीरियन राजे स्वतःची तुलना सिंहाशी करीत आणि सिंहाची शिकार हा त्यांचा राजेशाही अधिकार होता. निनवेच्या उत्तर राजवाड्यातील अशुरबनिपाल राजाच्या सिंहशिकारीचे शिल्पपट जगप्रसिद्ध आहेत. राजाने मिरवलेली प्रतिमाच नहूमने त्याच्यावर उलटवली.

तिसऱ्या अध्यायात निनवेला रक्तपाताचे आणि लबाडीचे नगर म्हणून धिक्कारले आहे. तिची तुलना मोहिनी घालणाऱ्या वारांगनेशी करून तिच्या भर चौकातील विटंबनेचे वर्णन येते. हा भाग आजच्या वाचकाला खटकतो आणि तो खटकावा, असेच अनेक आधुनिक भाष्यकारांचे मत आहे. पुढे तिचे गड झाड हलवताच गळणाऱ्या पिकल्या अंजिरांसारखे आणि तिचे अधिकारी ऊन चढताच उडून जाणाऱ्या टोळांसारखे ठरतात. ही बातमी ऐकणारा प्रत्येक जण टाळ्या वाजवील, असे सांगून ग्रंथ एका प्रश्नाने संपतो. तुझ्या क्रूरतेचा फटका कोणाला बसला नाही, असा त्या प्रश्नाचा आशय आहे.

वाणी आधीची की नंतरची?

नहूमने हे सारे घडण्यापूर्वी सांगितले, की घडून गेल्यावर लिहिले? या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा ग्रंथातच आहे. तिसऱ्या अध्यायात निनवेला विचारले आहे, की तू नो-आमोनपेक्षा श्रेष्ठ आहेस काय? नो-आमोन म्हणजे इजिप्तमधील थीब्ज. पाण्याने वेढलेले, मित्रराष्ट्रांनी रक्षिलेले हे नगर अशुरबनिपालच्या सैन्याने इ.स.पू. ६६३ मध्ये लुटले होते. म्हणजे ही रचना त्या वर्षानंतरची, हे निश्चित. दुसरी मर्यादा निनवेच्या पतनाची, म्हणजे इ.स.पू. ६१२ ची.

या दोन वर्षांमधील सुमारे अर्धशतकात ग्रंथ नेमका कोठे बसवायचा, यावर मतभेद आहेत. थीब्जच्या लुटीची आठवण ताजी असताना, असीरियाची सत्ता शिखरावर असताना ही वाणी उच्चारली गेली, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल, तर तिचे धाडस विलक्षण ठरते. इतरांच्या मते ती पतनाच्या तोंडावर, साम्राज्याला तडे गेल्यानंतरची आहे. ती घटनेनंतर, विजयोत्सवाच्या निमित्ताने सिद्ध झाली असावी, असे मानणाराही एक वर्ग आहे. श्रद्धाळू वाचक आणि इतिहास संशोधक यांची उत्तरे येथे वेगळी होतात. उपलब्ध पुराव्यावरून एवढेच खात्रीने म्हणता येते, की ग्रंथकर्त्याला असीरियन युद्धपद्धती, दरबारी भाषा आणि थीब्जचे भवितव्य यांची चांगली माहिती होती.

इ.स.पू. ६१२ : पतनाची नोंद

निनवेच्या अखेरीचा सर्वांत विश्वसनीय लेखी पुरावा बॅबिलोनचा आहे. ब्रिटिश म्युझियममधील एका मातीच्या मुद्रिकेवर बॅबिलोनच्या राजाच्या कारकिर्दीची वर्षवार नोंद कीलाक्षर लिपीत आहे. सी. जे. गॅड यांनी ती १९२३ मध्ये प्रसिद्ध केली आणि तोवर अनिश्चित असलेले पतनाचे वर्ष पक्के झाले.

घटनाक्रम असा : इ.स.पू. ६३१ च्या सुमारास अशुरबनिपाल गेला आणि वारसाहक्काच्या झगड्यांनी साम्राज्य पोखरले. इ.स.पू. ६२६ मध्ये नबोपोलासर याने बॅबिलोनची गादी बळकावून असीरियाविरुद्ध युद्ध आरंभले. पूर्वेकडून मीड लोकांचा राजा सायक्झेरीस उतरला. त्याने इ.स.पू. ६१४ मध्ये अशुर हे असीरियनांचे पवित्र नगर उद्ध्वस्त केले. तेथेच त्याने नबोपोलासरशी मैत्रीचा करार केला. दोन वर्षांनी दोन्ही सैन्ये निनवेच्या तटाखाली एकत्र आली. उन्हाळ्यात तीन महिने लढाई चालली. नगर पडले, लुटले गेले, राजा सिन-शर-इश्कुन याचा अंत झाला. काही सरदारांनी पश्चिमेकडील हारान येथे नवा राजा उभा करून धुगधुगी टिकवली, पण इ.स.पू. ६०९ पर्यंत तीही विझली.

नदीची द्वारे उघडल्याचा नहूमचा उल्लेख पुढे पुराच्या कथेशी जोडला गेला. नदीला पूर येऊन तट कोसळल्याचे ग्रीक लेखक डायोडोरसने सांगितले आहे. बॅबिलोनच्या नोंदीत मात्र पुराचा शब्द नाही. शहरातून खोसर नदी वाहत असे आणि तिच्यावर बंधारे व द्वारे होती, एवढे खरे. त्यामुळे हे वर्णन प्रत्यक्ष पुराचे, कालव्यांच्या द्वारांचे, की निव्वळ काव्यात्म, हा प्रश्न खुला आहे.

उत्खननाने दिलेला पुरावा अधिक थेट आहे. अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रोनाक यांच्या पथकाने १९८९ व १९९० मध्ये शहराच्या आग्नेय भागातील हाल्झी वेस खोदली. शत्रूला रोखण्यासाठी वेशीचा मार्ग घाईने अरुंद केल्याचे तेथे दिसून आले. त्याच मार्गात, अखेरच्या हल्ल्यात पडलेल्यांचे सांगाडे जेथल्या तेथे सापडले. राजवाड्यातील शिल्पपटांवरही सूडाच्या खुणा आहेत. लाखीशच्या शिल्पात सिंहासनावर बसलेल्या सन्हेरीबचा चेहरा मुद्दाम छिनून टाकलेला आहे.

विस्मृती आणि पुनर्शोध

पतनानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, इ.स.पू. ४०१ मध्ये, ग्रीक सेनानी झेनोफन आपल्या सैन्यासह या भागातून परतला. त्याने प्रचंड ओसाड तट पाहिला, त्याची मापे लिहून ठेवली. पण हे निनवे आहे, याचा त्याला पत्ता नव्हता. त्याने त्या स्थळाचे नाव 'मेस्पिला' असे नोंदवले. एवढ्या थोड्या काळात जगाच्या राजधानीचे नावही पुसले गेले होते.

एकोणिसाव्या शतकात या ढिगाऱ्यांनी पुन्हा तोंड उघडले. मोसुलमधील फ्रेंच वकील पोल-एमिल बोत्ता यांनी १८४२ मध्ये कुयुंजिक येथे खोदकाम आरंभले, पण फारसे हाती न लागल्याने ते खोर्साबादकडे वळले. इंग्रज प्रवासी ऑस्टिन हेन्री लेयार्ड यांनी १८४५ मध्ये निमरूद खणायला घेतले, तेच निनवे अशा समजुतीने. पुढे कुयुंजिक येथे सन्हेरीबचा राजवाडा त्यांनाच गवसला. मोसुलमध्येच जन्मलेले त्यांचे सहकारी होरमुझ्द रसाम यांनी १८५३ मध्ये अशुरबनिपालचा राजवाडा उजेडात आणला. या राजवाड्यांतून तीस हजारांहून अधिक मृद्मुद्रिका व त्यांचे तुकडे मिळाले. त्यांतल्याच एका तुकड्यावर महापुराची कथा वाचून जॉर्ज स्मिथ यांनी १८७२ मध्ये लंडनला खळबळ उडवून दिली. गिल्गामेश महाकाव्य जगाला पुन्हा मिळाले, ते निनवेच्या राखेतून. आगीत मातीच्या मुद्रिका भाजून पक्क्या झाल्या. नगर जाळणाऱ्यांनी नकळत त्याचे ग्रंथालय राखले.

या शोधाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. असीरियन शिल्पे टायग्रिसवरून तराफ्यांनी बसऱ्याला आणि तेथून जहाजाने मुंबईमार्गे लंडनला जात. काही शिल्पपट येथेच राहिले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असीरियन राजवाड्यांतील शिल्पपट आजही पाहता येतात. ज्या सत्तेच्या अंताची वाणी नहूमने उच्चारली, तिच्या दगडी खुणा पाहण्यासाठी मुंबईकराला परदेशी जाण्याची गरज नाही.

योनाचे उत्तर

हिब्रू बायबलाने निनवेविषयी केवळ नहूमचाच आवाज जपला नाही. सफन्या या संदेष्ट्याने ती ओसाड होऊन तिच्यात रानपशू बसतील, असे म्हटले आहे. यशयाने असीरियाला ईश्वराच्या हातातील दंड म्हटले, पण दंडालाच गर्व झाला तर त्याचेही शासन होईल, असे बजावले. आणि योनाच्या ग्रंथाने सर्वस्वी वेगळा सूर लावला. त्यात ईश्वर योनाला निनवेत जाऊन इशारा देण्यास सांगतो. योना उलट दिशेने पळतो, मोठ्या माशाच्या पोटातून परततो आणि अखेर संदेश देतो. निनवेचा राजा व प्रजा गोणपाट नेसून पश्चात्ताप करतात. ईश्वर अरिष्ट टाळतो, तेव्हा योनाच रागावतो. या ग्रंथाचा शेवटही प्रश्नानेच होतो. ज्यात एक लाख वीस हजारांहून अधिक अजाण माणसे आणि कितीतरी गुरेढोरे आहेत, अशा नगराची मला कीव येऊ नये काय, असे ईश्वर विचारतो.

एकच नगर, दोन ग्रंथ, दोन प्रश्न. परंपरेने दोघांनाही बारा संदेष्ट्यांत स्थान दिले आणि एकाने दुसऱ्याला खोडू दिले नाही. यहूदी धर्मीयांत योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत योनाचा ग्रंथ वाचला जातो. सिरियन परंपरेतील ख्रिस्ती पंथ 'निनवेचा उपास' तीन दिवस पाळतात; केरळातील सिरियन ख्रिस्ती समाजातही तो प्रचलित आहे. कुराणातही युनूस नबींची कथा आहे.

नहूमचा ग्रंथ मात्र पुढच्या पिढ्यांनी आपापल्या शत्रूला लावला. मृत समुद्राजवळील कुमरान येथे मिळालेल्या गुंडाळ्यांत नहूमवरील एक भाष्य आहे. त्यात निनवेची वचने इ.स.पू. पहिल्या शतकातील यहूदी राजकारणाला जोडली असून 'क्रोधाचा सिंह' असा एका राजाचा उल्लेख येतो. तो विरोधकांना क्रूसावर चढवणारा अलेक्झांडर यन्नाय असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे शत्रुनगरीवरील वाणी तोवर घरच्या सत्ताधीशावर उलटली होती.

इतिहासाचा उपरोध याहूनही कठोर आहे. निनवे पडल्यावर यहूदाच्या वाट्याला सुख आले नाही. इ.स.पू. ६०९ मध्ये असीरियाच्या मदतीस निघालेल्या इजिप्तच्या फारोने मगिद्दो येथे यहूदाचा राजा योशीया याला ठार केले. आणि निनवे जिंकणाऱ्या नबोपोलासरच्याच पुत्राने, नबुखद्नेस्सरने, इ.स.पू. ५८७ च्या सुमारास यरुशलेम व तेथील मंदिर जाळले. टाळ्या वाजवणाऱ्यांची नातवंडे बंदिवान होऊन बॅबिलोनला गेली.

ढिगाऱ्यांवर पुन्हा घाव

निनवेचे दुर्दैव एकविसाव्या शतकातही संपले नाही. 'इस्लामिक स्टेट' या संघटनेने जून २०१४ मध्ये मोसुल ताब्यात घेतले. २४ जुलै २०१४ रोजी तिने नबी युनूस टेकडीवरील मशीद सुरुंगांनी उडवली. शतकानुशतके हे योनाचे समाधिस्थान म्हणून पूज्य होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये मोसुल संग्रहालयातील शिल्पांची मोडतोड करतानाची चित्रफीत प्रसारित झाली आणि २०१६ मध्ये प्राचीन तटाच्या पुनर्रचित वेशींवर बुलडोझर चालले. २०१७ मध्ये शहर मुक्त झाले, तेव्हा मशिदीच्या अवशेषांखाली लुटारूंनी खणलेले बोगदे आढळले. त्या बोगद्यांत सन्हेरीबचा पुत्र एसारहद्दोन याच्या राजवाड्याचे अवशेष दिसून आले. २०२२ मध्ये माश्की वेशीच्या पुनर्बांधणीच्या वेळी इराकी व अमेरिकी पथकाला सन्हेरीबच्या काळातील कोरीव शिल्पपट मिळाले.

मोसुलच्या उत्तरेस अल्कोश हे ख्रिस्ती वस्तीचे गाव आहे. नहूमची समाधी येथेच आहे, अशी जुनी परंपरा सांगते. इराकमधील यहूदी शावुओत सणाला येथे यात्रेस येत. १९५० च्या दशकाच्या आरंभी बहुतेक यहूदी देश सोडून गेले. तेव्हापासून गावातील एका ख्रिस्ती कुटुंबाने वास्तूच्या किल्ल्या सांभाळल्या. २०१४ मध्ये शत्रूची आघाडी गावाच्या जवळ येऊन थांबली आणि वास्तू बचावली. अलीकडे तिचे पडझडीपासून जतन करण्यात आले आहे.

निनवेच्या पाडावाची वाणी उच्चारणाऱ्या संदेष्ट्याची समाधी असीरियाच्याच भूमीत मानली जाते, अरबी बोलणारे यहूदी तिचे यात्रेकरू होते आणि शेजारधर्म म्हणून ख्रिस्ती तिचे राखणदार झाले. सत्तेच्या क्रूरतेला शेवट असतो, हे नहूमने सांगितले. त्या शेवटात अजाण माणसेही भरडली जातात, याची आठवण योनाने दिली. निनवेच्या ढिगाऱ्यांकडे पाहताना यांपैकी एकच आवाज ऐकणे पुरेसे नाही.